धंद्याची नवी आयडिया हवीय? 'आयडिया'वाल्या साइट सोडा, ट्रेडमार्क सर्च उघडा

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना वेळ नाही ते इथूनच परत जातील. धंद्यासाठी ओरिजिनल आयडिया शोधायचीय आणि उद्या कोणाची नोटीस दारात नकोय, तर 'बिझनेस आयडिया' ह्या नावाखाली जे काही विकायला असतं ते बाजूला ठेवा आणि तीन फुकट जागा उघडा: सरकारची ट्रेडमार्क पब्लिक सर्च, गूगल पेटंट्स आणि विकिमीडिया कॉमन्स. तिन्ही दिसायला कंटाळवाण्या, पहिली तर बँकेच्या जुन्या पासबुकासारखी, पण माल तिथेच आहे.

मी फोंड्याची. मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी मिळून गिफ्ट आयटमचं काहीतरी सुरू करायचं असं बरेच दिवस चाललेलं. तिचा हात चित्राला छान आहे, मला हिशेब आणि माणसांशी बोलणं जमतं. आता गोव्यात टुरिस्टला विकायचं म्हणजे काय मिळतं ते तुम्हाला माहीतच आहे, कळंगुटला जा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा नाहीतर पणजीत १८ जून रस्त्यावर फिरा, तोच माड, तीच स्कूटर, तीच बाटली, टीशर्टवर तोच जोक. आणि व्यंगचित्रकार मारियो मिरांडाची माणसं! मूळ कोणाचं चित्र आहे हे माहीत नसलेला माणूससुद्धा ती मगवर छापून विकतोय. म्हणून आमचं ठरलेलं की दुसऱ्याचं उचलायचं नाही आणि सगळ्यांसारखंही करायचं नाही. मग ऑनलाइन काय काय वापरून बघितलं त्याचा हा रिव्ह्यू.

सगळ्यात बेकार कोण ते आधी. इन्स्टावर एक जाहिरात यायची, नाव घेत नाही, ४९९ रुपयांत 'युनिक' बिझनेस आयडियांची पीडीएफ. जावेने घेतली. उघडली तर मेणबत्त्या, अगरबत्ती, मशरूम, पापड, कागदी पिशव्या, टिफिन सर्व्हिस. अहो हे तर माझ्या सासूबाईंनीही तोंडपाठ म्हणून दाखवलं असतं. आणि एका पानावर चक्क दुसऱ्याच वेबसाइटचा वॉटरमार्क, पुसायचेही कष्ट घेतले नाहीत! म्हणजे दुसऱ्याचं लिखाण चोरून बनवलेली वस्तू आम्हाला 'ओरिजिनल व्हा' म्हणून विकली. स्टार शून्य. अर्धा देता येत असता तरी दिला नसता.

एआय चॅटबॉटला विचारून बघितलं, तो गोड बोलतो पण 'गोव्यात सुरू करता येईल असा वेगळा धंदा सांग' म्हटलं की होमस्टे, मसाल्याच्या बागेची सहल, काजूचा गिफ्ट बॉक्स. तोच प्रश्न शेजारणीने विचारला तर तिलाही साधारण तेच सांगणार ना, मग त्यात आपलं काय राहिलं? मोठा मजकूर समजून घ्यायला, इंग्रजीतलं कायद्याचं वाक्य सोपं करून घ्यायला मात्र कामाचा आहे. अडीच स्टार.

पिंटरेस्ट बघायला मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू. पण ते शोकेस आहे, गोदाम नाही. तिथलं प्रत्येक चित्र कोणाचंतरी आहे आणि पिन केलं म्हणून ते आपलं होत नाही. 'क्रेडिट दिलं की चालतं' असं खूप जण म्हणतात, तेही बरोबर नाही, नाव लिहिणं वेगळं आणि परवानगी घेणं वेगळं. कॅन्व्हाबद्दलही एक सांगते कारण निम्म्या गोव्याचे लोगो त्यावर बनतात: तिथली रेडीमेड चित्रं टाकून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करता येत नाही, कारण तेच चित्र आणखी हजार जणांना वापरायची मुभा आहे. हे त्यांच्या लायसन्समध्येच लिहिलंय, फक्त वाचतं कोण.

आता मुद्द्याचं. कॉपीराइट आयडियावर नसतो. ती कशी मांडली, म्हणजे चित्र, मजकूर, फोटो, गाणं, कोड, त्यावर असतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स ह्या केसमध्ये हेच सांगितलंय, एका नाटकावरून सिनेमा उचलला असा आरोप होता आणि कोर्ट म्हणालं कल्पना, विषय, कथानकाचा गाभा ह्यांवर कोणाची मालकी नाही. म्हणजे कोणी काजूच्या बोंडूचा जॅम विकतंय म्हणून तुम्ही विकू शकत नाही असं नाही. त्याचं लेबल, त्याचा फोटो, त्याने लिहिलेली 'आमची कहाणी' हे उचलायचं नाही, आणि त्याच्या नावासारखं नाव ठेवायचं नाही. रेसिपीचंही तसंच, साहित्याची यादी कोणाची नसते पण ती कृती कोणी आपल्या शब्दांत रंगवून लिहिली असेल तर ते शब्द त्याचे. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी भीती जाते आणि निम्मा आळशीपणाही, कारण मग 'सगळंच कोणीतरी आधी केलंय' हे कारण चालत नाही.

तर पहिला नंबर, आयपी इंडियाची ट्रेडमार्क पब्लिक सर्च. लोकांना वाटतं ही वकिलांची जागा. मला विचाराल तर बाजारात कोण काय करतंय हे बघायला इतकी चांगली खिडकी दुसरी नाही. उघडलं की वर्डमार्क, व्हिएन्ना कोड (लोगोतल्या चित्रावरून शोधायला) आणि फोनेटिक असे पर्याय येतात. वर्डमार्कमध्ये शब्द टाकायचा आणि शब्दाने सुरू होणारं, शब्द आत असलेलं की तंतोतंत तेच हे निवडायचं. फोनेटिक म्हणजे उच्चाराने जवळचं, हे आपल्याला फार लागतं कारण एकाच कोकणी शब्दाची रोमन लिपीत चार स्पेलिंगं होतात. मग क्लास नंबर टाकायचा. इथेच नवीन माणूस अडतो. माल आणि सेवा मिळून एकूण ४५ क्लास आहेत आणि आधी आपला क्लास माहीत हवा. कपडे २५, टोट बॅग १८, किचन टॉवेल २४, मग आणि कपबशी २१, कागदी वस्तू १६, खेळणी २८. लोणचं आणि भाजलेले काजू २९, मसाला आणि मिठाई ३०, कोकम सरबत ३२, फेणी ३३. फ्रिजवर लावायचं मॅग्नेट मात्र ९ मध्ये जातं, कॉम्प्युटरच्या रांगेत, का तर ते मॅग्नेट आहे म्हणून. हसू आलं पण लक्षात राहिलं.

रिझल्ट आले की नाव बघून पुढे जाऊ नका, 'गुड्स'चं वर्णन वाचा. खरी आयडिया तिथे आहे. माणूस ट्रेडमार्क भरतो तेव्हा आपण काय विकणार ते सविस्तर लिहितो, आज विकतोय ते आणि पुढे विकायचा विचार आहे तेही. जाहिरातीत जे दिसत नाही ते तिथे दिसतं. आम्ही २८ आणि १६ मध्ये हस्तकलेच्या किटवाल्यांची वर्णनं वाचत बसलो आणि हळूहळू कळायला लागलं की वारली आहे, मधुबनी आहे, मंडला आहे, मातीची भांडी रंगवायची किट आहेत, सगळं बाहेरचं. कोकणपट्टीच्या भिंतीवरचं काय? हा प्रश्न कुठल्याही पीडीएफमध्ये नव्हता, तो ती कोरडी वर्णनं वाचूनच पडला.

स्टेटसचा कॉलम पण शिकून घ्या. 'रजिस्टर्ड' म्हणजे झालं, दहा वर्षं पक्कं आणि पुढे रिन्यू करता येतं. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे ऑफिसनेच हरकत घेतलीय, 'अपोज्ड' म्हणजे तिसऱ्या कोणीतरी विरोध केलाय. 'अबँडन्ड' दिसलं की लोक खूश होतात, नाव मोकळं झालं म्हणून, तसं नसतं हां, अर्ज सोडला तरी माणूस त्या नावाने दुकान चालवत असेल तर रजिस्ट्रेशन नसतानाही तो तुम्हाला कोर्टात खेचू शकतो. त्यामुळे नंतर गूगल, इन्स्टा आणि गावात चौकशी, तिन्ही करायचं.

आणि एक भारी गोष्ट जी खूप कमी जणांना माहीत आहे, अर्जाची फाइल उघडून एक्झामिनेशन रिपोर्ट आणि त्याला दिलेलं उत्तर सगळं वाचता येतं, फुकट. कुठलं नाव का अडलं ते कळतं. 'गोवा काजू' असं नुसतं वर्णनाचं नाव ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्ये अडकतं कारण तो शब्द सगळ्यांना वापरता यायला हवा, आणि आधीच्या कोणाशी साधर्म्य असेल तर कलम ११. असे थोडे रिपोर्ट वाचले की नाव कसं नसावं ह्याचा क्लासच होतो. जावेने आधी सुचवलेली सगळी नावं अशीच गळाली, प्रत्येकात 'गोवन' नाहीतर 'सुशेगाद' होतं. ती म्हणाली, "वहिनी, मग काय आता डिक्शनरी घेऊन बसू?" म्हटलं बस, स्वस्तात पडतंय.

पैशांचंही सांगून टाकते. स्वतःच्या नावाने, स्टार्टअप म्हणून किंवा उद्यम सर्टिफिकेट असलेला छोटा धंदा म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका क्लासला सरकारी फी ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. एका एजंटने आम्हाला सांगितलेला आकडा ह्याच्या कितीतरी वर होता आणि त्यात सरकारी फी किती आणि त्याची किती हे विचारल्यावर फोनवर एकदम रेंज गेली त्याची. एजंट घेऊ नका असं नाही, पण फी आधी स्वतः बघून मग फोन करा. मान्य झालेला अर्ज दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात आणि तिथून चार महिने कोणालाही विरोध करायला मिळतात. आणि रजिस्टर होईपर्यंत गोलातला 'आर' लावायचा नाही, त्याला कायद्यात दंड आहे, 'टीएम' लावा. म्हापशाच्या बाजारात गोलातला आर रांगोळीसारखा टाकलेला दिसतो तो सगळा खरा असेल असं मला तरी वाटत नाही.

क्लास माहीत नसलेल्याला साइट काही हात धरून नेत नाही, म्हणून अर्धा स्टार कापला. साडेचार देणार होते, चार.

ह्याच घरातलं दुसरं दार म्हणजे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाची रजिस्ट्री, ऑफिस चेन्नईला. खाण्यापिण्यातलं काही काढायचा विचार असेल तर गोव्याच्या माणसाने ही यादी बघितल्याशिवाय लेबल छापू नये. फेणीला २००९ मध्ये मिळाला, मग खोलाची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, खाजे, आणि २०२३ मध्ये काजू, मानकुराद आंबा आणि बिबिंका ही मिठाई. म्हणजे हे धंदे बंद झाले असं नाही, उलट. खाजे इथलं, ठरलेल्या पद्धतीने केलेलं असेल तर तुम्ही ऑथराइज्ड युझर म्हणून नाव नोंदवा आणि जीआयचा टॅग लावून विका, त्या नोंदणीची फी २०२० मध्ये ५०० वरून १० रुपयांवर आणली होती. पण परराज्यात केलेलं काहीतरी 'गोवा बिबिंका' म्हणून विकलं तर मार पडेल. जीआय नावाला आणि उगमाला जपतो हे लक्षात ठेवा. कोल्हापुरी चपलेचं आठवा ना, २०१९ चा जीआय होता तरी २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या मॉडेल तसल्याच चपला घालून फिरल्या, इकडे बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, आणि मुंबई हायकोर्टात गेलेली जनहित याचिका टिकली नाही. ज्यांनी ती शैली शेकडो वर्षं सांभाळली त्यांच्या हातात काय आलं हा प्रश्न वेगळा आणि मला तो अजून छळतो.

दुसरा नंबर गूगल पेटंट्स. पेटंट म्हटलं की आपल्याला वाटतं हे आपल्यासारख्यांचं काम नाही. पण पेटंटचं आयुष्य २० वर्षं, त्यानंतर ते सगळ्यांचं. आणि पेटंट देशापुरतं असतं, भारतात घेतलंच नसेल तर भारतात ते तुम्हाला अडवत नाही, माल त्या देशात पाठवलात तर अडवेल. म्हणजे जगभरच्या लोकांनी आकृती काढून, पायरी पायरी लिहून ठेवलेल्या जुन्या युक्त्यांचा हा फुकटचा साठा आहे. 'कॅश्यू अ‍ॅपल' टाकून बघा. आपल्याकडे सीझनला बोंडू हुर्राक आणि फेणी ह्या दारूंना जातो आणि बाकी झाडाखाली कुजतो, तोंडाला येणारा तुरटपणा हीच अडचण. त्यावर लोकांनी काय काय डोकं लावलंय ते वाचताना मजा येते. एकेका पेटंटच्या बाजूला स्टेटस असतं, 'एक्स्पायर्ड' वगैरे, पण खालीच त्यांनी लिहिलंय की हा आमचा अंदाज आहे, कायदेशीर निष्कर्ष नाही. म्हणून भारतातलं खरं काय ते सरकारच्याच इनपास नावाच्या सर्चवर ताडून बघायचं. भाषा मात्र भयंकर, एकेक वाक्य फोंडा ते पणजी लांब. तिथे चॅटबॉट कामाला आला.

आजीच्या औषधांवर, पारंपरिक कृतींवर कोणी पेटंट घेऊन बसेल का, हे जावेने विचारलेलं. हळदीचं झालं होतंच की. जखम भरायला हळद ह्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर ह्या सरकारी संशोधन संस्थेने जुने पुरावे घेऊन भांडून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं, आणि मग असे पुरावे एका जागी ठेवायला २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररीच सुरू केली. आपल्या पेटंट कायद्यात तर पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही असं सरळ लिहिलंय. म्हणजे सोलकढी कोणी अडवू शकत नाही, आणि आपणही आपलीच म्हणून अडवू शकत नाही. चार स्टार.

गूगल ट्रेंड्स, लोक फार कौतुक करतात. आकडे ० ते १०० असे असतात, खरे सर्च किती झाले ते कळत नाही, फक्त चढउतार. गोवा निवडून आपल्या मापाचं काही टाकलं तर बहुतेक वेळा पुरेसा डेटा नाही असं येतं, छोटं राज्य, काय करणार. आणि आकडा आला तरी तो कशाचा ते बघावं लागतं. 'बिबिंका' इंग्रजीत लिहून जगभरासाठी टाका आणि सप्टेंबर २०२४ बघा, तिथला उंच डोंगर बघून वाटेल की आपल्या मिठाईला जगाने डोक्यावर घेतलं. ते चक्रीवादळ होतं! शांघायवर आदळलेलं, मकावने आपल्या गोड पदार्थाचं नाव दिलेलं. तीन स्टार, तेही सण आणि सीझन कधी सुरू होतो ते बघायला.

आता चित्रं, आणि इथे जाऊबाई रमल्या त्या रमल्याच. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फाइलखाली लायसन्स लिहिलेलं असतं आणि ते वाचायची सवय लागली की काम सोपं. 'एनसी' असेल तर धंद्याला चालणार नाही (कॉमन्सवर असलं ठेवतच नाहीत, पण बाकीच्या साइटवर भरपूर असतं), 'बीवाय' असेल तर नाव द्या, 'एसए' असेल तर तुम्ही त्यावरून बनवलेलंही त्याच अटीवर खुलं करावं लागेल, 'सीसी झिरो' म्हणजे मोकळं. आपल्याकडे कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि तो गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, ती चित्रं कधीचीच मोकळी. आपल्या गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद १९३५ मध्ये गेले, तीही मोकळी, मूळ चित्रं बघायची तर पणजीत फोंतैन्यासला फुंदासांव ओरिएंतमध्ये आहेत. आंजेलो द फोन्सेका मात्र १९६७ मध्ये गेले, म्हणजे २०२७ संपेपर्यंत हात लावायचा नाही. आणि मारियो मिरांडा गेले २०११ मध्ये. हिशेब करा, २०७१ संपेपर्यंत! तोवर परवानगीशिवाय मगवर त्यांचं चित्र छापणाऱ्याला कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड अशी तरतूद आहे. मारियोच्या धाटणीत स्वतःची माणसं काढायला मनाई नाही, धाटणीवर हक्क नसतो, पण मग ती स्वतःची असू देत ना, नाक तेवढं बदललेली त्यांचीच नकोत. बाकीबाबांच्या, म्हणजे कवी बा. भ. बोरकरांच्या ओळी फ्रेममध्ये घालून विकणाऱ्यांनीही बघावं, ते १९८४ मध्ये गेले, म्हणजे २०४४.

फोटोचा हिशेबही २०१२ पासून तोच, काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं. म्हणजे चारशे वर्षांचं देऊळ कोणाचं नाही पण त्याचा काल काढलेला फोटो काढणाऱ्याचा. इमारत किंवा सार्वजनिक जागेतला पुतळा तुम्ही स्वतः काढू शकता, रंगवू शकता, फोटो घेऊ शकता, कायद्यात तशी सूट आहे, पणजीच्या चर्चच्या त्या पायऱ्या खुशाल काढा. पण ती सूट भिंतीवरच्या म्युरलला नाही! फोंतैन्यासमध्ये कोणीतरी रंगवलेल्या भिंतीचा फोटो काढून मॅग्नेट करणारे जे आहेत त्यांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही. कॉमन्सला साडेचार स्टार.

तर आमची आयडिया काय निघाली? सांगते, लपवण्यासारखं काही नाही, आयडियावर हक्क नसतो हे वर मीच लिहिलंय. कावीचं किट. जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरं जे नक्षीकाम दिसतं ते, गोवा, सिंधुदुर्ग आणि खाली कारवारपर्यंत. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीच्या कावेचा थर द्यायचा आणि ओला असतानाच टोकदार काडीने खरवडायचं, खालचा पांढरा वर येतो. मुलांना खरवडायला आवडतंच. छोटी तयार पाटी, एक कोरणी, आणि जावेने स्वतः काढलेले नमुने, मोर, कमळ, वेल. तंत्र सगळ्यांचं, जुने नमुने सगळ्यांचे, आजचं रेखाटन तिचं. पाटी खरवडून चित्र काढायच्या कल्पनेवर पेटंट्समध्ये जुनं जुनं खूप निघालं, तेवढ्यापुरतं आम्हाला अडवेल असं काही दिसलं नाही. ट्रेंड्सला विचारलं तर डेटा नाही म्हणाला. म्हटलं बरंच आहे.

पण जावेचे नमुने इथे दाखवणार नाही, आणि तुम्हीही आपलं डिझाइन इन्स्टावर टाकायची घाई करू नका, कारण डिझाइन कायद्यात नोंदणीसाठी ते नवीन आणि आधी कुठेही प्रसिद्ध न झालेलं लागतं. आपणच टाकलेली रील आपल्याच मुळावर येते. नोंदणी होण्यासारखं डिझाइन नोंदवलंच नाही आणि त्याचा माल ५० पेक्षा जास्त नग कारखानी पद्धतीने काढला, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइटही जातो, हे तर मला वाचून घामच फुटला. नोंदणी केली की दहा वर्षं आणि वर पाच वाढवता येतात, एका माणसाच्या नावाने अर्जाची फी हजार रुपये. नुसत्या चित्राची कॉपीराइट नोंदणी ५०० रुपयांत होते, सक्तीची नाही, चित्र काढलं तेव्हाच हक्क आला, पण भांडण झालं तर कागद बरा. तेच चित्र मालावर लावायचं असेल तर मात्र २,००० आणि ट्रेडमार्क ऑफिसचं सर्टिफिकेटही लागतं.

हे सगळं एकट्याने झेपत नसेल तर फातोर्ड्याच्या डॉन बॉस्को इंजिनिअरिंगमधलं फायर नावाचं इन्क्युबेशन सेंटर आणि साखळीला जीआयएम (गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट) मधलं अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, नवीन धंदेवाल्यांसाठीच आहेत. आम्ही अजून गेलो नाही म्हणून त्यांना स्टार देत नाही.

सध्या नाव अडलंय. एक आवडलेलं क्लास २८ मध्ये मोकळं आहे पण १६ मध्ये उच्चाराने जवळचं एक बसलंय, स्टेटस ऑब्जेक्टेड. त्याची फाइल वाचतेय. तुमच्यापैकी कोणी दोन क्लासमध्ये एकदम अर्ज केला असेल तर एकाच अर्जात केला की वेगवेगळा, आणि एकात हरकत आली तर दुसरा अडकला का, तेवढं मला कळवा.